बशीत उतरायचं नाही

पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाबांचं नाव मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. म्हटलं, तोवर आपला आवाज ताळ्यावर येईल. मागच्या बाकावर, खिडकीशी, हाताची घडी घालून ते बसले होते. नाव घेतल्याबरोबर त्यांनी हात सरळ वर केला आणि "हजर, मॅडम!" असं इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मलाही हसू आवरलं नाही. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांनी मला कडेवर खेळवलं होतं आणि उरलेल्यांनी मला सायकलवरून पडताना पाहिलं होतं. अशा वर्गावर वचक बसवायचा म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकले.

खोली म्हणजे फील्डवरचं जुनं कॅन्टीन. भिंतींतून अजून तळणाचा वास येत होता. जिथे पूर्वी पदार्थांची पाटी टांगलेली असायची, त्याच खिळ्यावर मी माझा फळा अडकवला होता. लहानपणी शाळा सुटली की मी याच खोलीत येऊन बसायचे, बाबांची पाळी संपेपर्यंत. कपबशांचा खडखडाट, ओल्या बुटांची चिखलाची रांग, आणि कोणीतरी हमखास विचारायचं, "काय गं ठमे, आज किती छड्या?" ठमी हे माझं घरचं नाव. सगळं फील्ड मला त्याच नावाने ओळखायचं.

आमचं फील्ड गॅसचं. जमिनीखाली बरंच खोल वाळूच्या खडकात गॅस कोंडलेला होता, तो विहिरी पाडून वर काढायचा आणि पाइपातून शहराकडे धाडायचा, एवढं सरळ काम. बाबा तिथे चिकटले तेव्हा त्यांना धड मिशी नव्हती. विहिरींना नंबर होते, पण नंबर फक्त साहेबलोक वापरायचे. बाकी सगळे थोरली, धाकटी, रडकी असंच म्हणायचे. एकीचं नाव होतं जावई, कारण तिची कितीही मनधरणी करा, तिचं काहीतरी बिनसलेलंच असायचं. माझं सगळं लहानपण या विहिरींच्या तब्येतीच्या चौकश्या ऐकण्यात गेलं. बाबा घरी आले की आई विचारायची, "आज जावई काय म्हणतोय?" आणि बाबांच्या कपाळावरच्या आठ्या पाहून उत्तर आपलं आपण समजून घ्यायची.

मग दाब उतरत गेला. एकेक विहीर आटली, एकेक घर रिकामं झालं, शाळा बंद झाली. माझ्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला, त्याच वर्षी शेवटची विहीरही बंद केली गेली. आता हे सगळं गंजून जाणार असं वाटत असतानाच कंपनीने ठरवलं की ज्या खडकातून गॅस काढला त्याच खडकात कार्बन डायऑक्साइड भरायचा. सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातून तो पकडायचा, दाबायचा, पाइपातून इथवर आणायचा आणि त्याच विहिरींतून खाली सोडायचा. वर राहिला तर हवा तापवतो, खाली गेला की गप्प बसतो. जुन्या माणसांपैकी जे नवं प्रशिक्षण पुरं करतील ते राहतील, बाकीच्यांना हार घालून निरोप.

आणि ते प्रशिक्षण द्यायला कंपनीने पाठवलं मला.

मी साहेबांना सांगून पाहिलं होतं. म्हटलं, दुसऱ्या कोणालाही पाठवा. ते म्हणाले, "ते फील्ड तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, "म्हणूनच तर." पण त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. एवढंच मान्य झालं की वडिलांना गुण मी द्यायचे नाहीत, शेवटच्या कसोटीला बाहेरचा परीक्षक येईल. लेखी परीक्षेत बाबा तरतील याची मला खात्री होती. भीती होती ती कवायतीची. म्हणजे गॅस फुटल्याचं सोंग करायचं, भोंगा वाजवायचा, आणि माणसं काय करतात ते बघायचं. दोन संधी मिळायच्या, पहिली माझ्यासमोर, दुसरी परीक्षकासमोर. दोन्ही हुकल्या की घरी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बाबांबरोबर घरी चालत जाताना मी म्हटलं, "बाबा, नाही झालं तरी काय बिघडणार आहे? दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे. आराम करा."

 बाबा म्हणाले, "शेवटचा व्हॉल्व्ह मी बंद केला, ठमे. हाताला कळलं की आता पलीकडे काही नाही. जन्मभर उपसलं आम्ही. असं रिकामं करून निघून जायचं मला बरं वाटत नाही. भरायला लागलेलं बघेन, मग खुशाल हाकला."

 त्यांनी पास व्हावं असं मला त्या क्षणापासून इतकं वाटायला लागलं की माझी स्वतःची बोर्डाची परीक्षा त्यापुढे काहीच नव्हती.

वर्ग मजेत चालले. मी दोन खडक आणले होते, विहिरीतून काढलेले, दंडाएवढे गोल तुकडे. एक वाळूचा, एक त्याच्यावर असतो तो घट्ट चिकणमातीचा. दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकून दाखवायचा असतो. वाळूच्या खडकात थेंब मुरतो, चिकणमातीच्या खडकावर तसाच बसून राहतो, म्हणजे विद्यार्थ्यांना कळतं की खाली साठवायला जागा आहे आणि वर झाकण आहे. मी पाणी शोधेपर्यंत बाबांनी आपल्या कपातला चहा चमच्याने दोन्हींवर टाकला. वाळूवाला खडक चहा गटकन प्यायला. सगळे माना लांब करून बघत होते.

"म्हणजे हे एवढंसं भोकं-भोकं, यातून आपण जन्मभर पगार काढला?" बाबा म्हणाले.

"आणि आता त्यात कारखान्याचा धूर कोंबायचा," वकील म्हणाला. वकील म्हणजे बाबांचा जोडीदार. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण नियम कोणताही असो, त्यात खोट काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. "काढताना आम्ही, भरताना पण आम्हीच. हे कोणत्या कायद्यात बसतं?"

"धूर नव्हे, फक्त त्यातला एक वायू," मी म्हटलं. "आणि तो तुमच्या जुन्या गॅससारखा वागत नाही. तीच गोष्ट डोक्यात बसवायची आहे."

तो वायू पेट घेत नाही, हे ऐकून सगळे सुखावले. पुढचं ऐकून कोणाला काही वाटलं नाही, आणि तिथेच गोम होती. जुना गॅस हवेपेक्षा हलका, फुटला की वर जातो. म्हणून बाबांच्या पिढीला शिकवलेलं होतं, वाकून पळा, जमिनीलगत राहा, खोलगटात जा. नवा वायू हवेपेक्षा जड. तो जमिनीवरून पाण्यासारखा वाहत जातो आणि जिथे खोलगट असेल तिथे साचतो. दिसत नाही. माणूस खाली उतरतो, दोन श्वास घेतो आणि बसतो तो उठतच नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच बसतो. म्हणून आता उलट. वर चढा, वाऱ्याची दिशा बघा, आणि खाली कोणी पडलेलं दिसलं तरी पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय, आणि सोबत जोडीदार असल्याशिवाय, पाऊल खाली टाकायचं नाही.

"थोडक्यात," मी शेवटी म्हटलं, "बशीत उतरायचं नाही."

सगळे माना वर करून बघायला लागले. फळ्यावर मी बशीचं चित्र काढलं होतं, आणि त्यावर लाल फुली.

बशी म्हणजे काय, ते सांगायला हवं. विहिरी आणि घरं यांच्यामध्ये मातीचा उंच बांध होता आणि बांधाच्या अलीकडे, घरांच्या बाजूला, एक मोठा, पसरट खळगा. गवत वाढलेला, कडांनी हळूहळू वर चढत गेलेला, म्हणून बशी. भोंगा वाजला की सगळ्यांनी बशीत जमायचं, हा फील्डचा पहिला नियम. स्फोट झाला तरी धग आणि तुकडे बांधावरून जातील, बशीतली माणसं वाचतील, असा हिशेब. आणि तो बरोबर होता.

आम्हा पोरांना मात्र बशी म्हणजे सहल वाटायची. भोंगा वाजला की अर्धी चिरलेली भाजी हातात घेऊन आया धावत यायच्या. कोणाच्या डोक्याला साबण, कोणाच्या पायात दोन वेगळ्या चपला. खाली पोचलं की धोका संपला असंच आम्हाला वाटायचं, आणि लगेच आमचा खेळ सुरू. मोठी माणसं गवतावर बसून डोकी मोजायची. बाबा कामावर असतील तर ते दुसरीकडे असायला हवेत, पण ते येऊन जायचेच. कुठूनही, कसेही, पळत. बांधावर त्यांचं डोकं दिसायचं, मग उतारावरून ते धडधडत खाली यायचे, मला उचलायचे, माझ्या केसांत नाक खुपसायचे आणि परत पळत जायचे. त्यांच्या शर्टाला तेलाचा आणि घामाचा वास यायचा. जगात मला कुठे सगळ्यांत सुरक्षित वाटलं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर अजूनही तेच आहे. त्याच जागेवर मी लाल फुली मारली होती.

पहिली कवायत त्याच आठवड्यात झाली. बशीच्या तळाशी आम्ही बाहुला निजवला होता, माणसाएवढा, माणसाच्या वजनाचा. त्याला सगळे "साहेब" म्हणायचे, कारण तो स्वतः काही करत नसे आणि त्याला इतरांनी उचलावं लागे. खरा वायू अर्थात नव्हता. प्रत्येकाच्या खिशातली वायू मोजणारी मीटरं मी लांबून वाजवू शकत होते. सगळे आपापल्या जागी पांगले आणि मी भोंगा दिला.

तो जुनाच भोंगा होता. नवा अजून बसवला नव्हता. मला वाटतं, घात झाला तो तिथेच. तो आवाज कानावर पडला आणि सगळ्यांच्या पायांनी डोक्याला न विचारता बशीची वाट धरली. चांगले पन्नाशीचे, साठीकडे झुकलेले बाप्ये, वाकून, डोकी खाली घालून, तुरुतुरु पळत निघाले. उताराच्या मध्यावर खिशांतली मीटरं किंचाळायला लागली तेव्हा कुठे एकेकाला आठवलं. कोणी थबकलं, कोणी जीभ चावली, कोणी हळूच मागे चढायला लागलं. वर राहिला होता फक्त वकील, आणि तोही शहाणपणाने नव्हे. भोंगा ठरल्या वेळेच्या आधी वाजल्याची तक्रार करायला तो माझ्याकडे येत होता.

बाबा थबकले नाहीत. त्यांनी बाहुला पाहिला आणि ते अधिकच जोरात पळाले. तळाशी पोचले, वाकले, साहेबांना एका झटक्यात खांद्यावर घेतलं आणि धापा टाकत चढ चढून वर आणून ठेवलं. झटका इतका जबर होता की साहेबांचा एक हात खांद्यातून निखळून खालीच राहिला. लोक हसायला लागले, कोणी टाळ्याही वाजवल्या. बाबा घाम पुसत माझ्याकडे बघत होते, शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने.

"तुम्ही मेलात," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या.

"बाबा, तुम्ही तळाशी पोचल्यावर दुसऱ्या श्वासाला पडलात. याला तुम्ही वर आणलंच नाहीत. तुम्ही त्याच्या शेजारी पडला आहात." माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. वर्गात मी त्यांना बाबा म्हणत नसे, तेही त्या वेळी विसरले.

बाबा वळले. खाली जाऊन तो निखळलेला हात घेऊन आले आणि साहेबांच्या छातीवर नीट ठेवला.

बाकीच्यांची मला काळजी नव्हती. ते चुकले होते सवयीने, आणि सवय मोडता येते. बाबांचं तसं नव्हतं. मी शाळेत जायला लागले होते त्या सुमारास एका शेडमध्ये जोड फुटून गॅस पेटला होता. आत अडकला होता वकील, तेव्हा तरणाबांड. सगळे बांधामागे असताना बाबा वाकून, जमिनीलगत, आत पळाले आणि त्याला कॉलरला धरून फरफटत बाहेर घेऊन आले. दोघांच्या भुवया जळल्या होत्या. त्या दिवसापासून बाबांना सगळे वस्ताद म्हणायला लागले. नवा माणूस कामावर आला की त्याला आधी विहिरी दाखवायचे आणि मग वस्ताद. कोणी पडलं की पळत जाणारा माणूस, हीच त्यांची ओळख होती. मी त्यांना शिकवत होते की त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यांत चांगली गोष्ट परत करायची नाही.

जेवताना त्यांनी मान वर केली नाही. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय गं, काय केलंस यांना?"

"नापास केलं," बाबा म्हणाले. "बरोबरच केलं."

"बाबा, नियम काही मी काढलेला नाही. अशा ठिकाणी पहिला माणूस पडतो तो अपघाताने, आणि बाकीचे पडतात ते त्याला वाचवायला जाऊन."

"मग वर उभं राहून तमाशा बघायचा?"

"बघायचा नाही. भोंगा द्यायचा, मास्क लावायचा, जोडीदार येईपर्यंत थांबायचं, मग उतरायचं."

"आणि तोवर तो गेला तर?"

"तर गेला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हीच का आपली ठमी, असा त्यांना प्रश्न पडला असावा. मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी ताटातल्या भाजीकडे बघत बसले. आई म्हणाली, "जेवा आता. मेलेली माणसं थांबतील, जेवण गार होतंय." तिच्या या बोलण्याने बाबा हसले, आणि त्या दिवसापुरतं निभावलं.

पण दुसऱ्या दिवसापासून ते हट्टाला पेटले. सरावाचा मास्क आणि सिलिंडर ते घरी घेऊन यायचे. स्वयंपाकघरात, आईच्या पायात पायात करत, ते पट्टे बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला की नाही ते तळव्याने नळी दाबून बघायचं असतं, ते करताना डोळे मोठे व्हायचे. "अहो, ते तोंडावरचं काढा आधी, मीठ कुठे ठेवलंय विचारतेय मी," आई ओरडायची, आणि मास्कच्या आतून बाबा काहीतरी घुमत उत्तर द्यायचे. त्यांची बोटं जाड झाली होती, बकल सापडायचं नाही. मी मदतीला गेले की हात झटकायचे. मी टेबलाशी बसून शिकवायची तयारी करत असे आणि तो पट्ट्यांचा खुळखुळाट ऐकत असे. मला ते दिवस फार आवडले होते, हे तेव्हा कळलं नाही. एवढी वर्षं दूर राहिल्यावर मी परत त्या घरात होते, आई कुरकुरत होती, बाबा चुकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

परीक्षक आला तो सर्दी घेऊनच. उंच, सुकलेला माणूस, एका हातात कागद, दुसऱ्या हातात रुमाल. सकाळपासून त्याने एकेकाची कवायत घेतली. बहुतेक पास झाले. वकीलही झाला, वारा कुठून वाहतोय यावर परीक्षकाशी वाद घालून झाला. बाबांचा नंबर दुपारी होता. आदल्या माणसाने साहेबांना वर आणता आणता बशीच्या कडेवरून खाली पाडलं, आणि शिवून लावलेला हात पुन्हा निघाला. या वेळी आतला भुसाही बाहेर आला.

"हा आता चालणार नाही," परीक्षक म्हणाला. "दुसरा?"

"दुसरा नाही," मी म्हटलं.

त्याने नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढचा माणूस तुमचे वडील ना? म्हणजे तुम्हाला गुण द्यायचे नाहीत. मोकळ्याच आहात. खाली जाऊन झोपा."

"अहो, ते मला ओळखतील."

"ओळखू देत. खाली पडलेलं माणूस कोणाचं तरी असायचंच."

मला ओरडावंसं वाटलं की हे बरोबर नाही. बाकी सगळ्यांना भुशाचा साहेब आणि यांना मी? पण मी तसं म्हटलं असतं तर तो पक्षपात झाला असता, आणि मग कोणी काहीही म्हणालं असतं. मी चप्पल नीट केली आणि बशीत उतरले.

कितीतरी वर्षांनी मी तिथे पाठ टेकत होते. गवत उन्हाने तापलं होतं. वर आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्याभोवती बशीची कड, अगदी लहानपणी दिसायची तशी. खाली झोपल्यावर विहिरींचा आवाज येत नाही, नुसता गवताचा येतो. मी एका कुशीवर वळले, एक हात पसरला, डोळे किलकिले ठेवले. मनात म्हटलं, बाबा, पळू नका. देवाशपथ, पळू नका.

भोंगा झाला.

बांधावर त्यांचं डोकं दिसलं, मग खांदे. ते पळतच आले होते, मला त्यांच्या छातीचं वरखाली होणं दिसत होतं. त्यांनी खाली पाहिलं. साहेब नाही, मी आहे, हे त्यांना कळलं तो क्षण मला स्पष्ट दिसला, कारण त्यांचं तोंड उघडलं. त्यांचा उजवा पाय कडेवरून खाली उतारावर आला. गवत दबलं. खिशातलं मीटर किंचाळत होतं.

तो पाय तिथे किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तो मागे घेतला.

त्यांनी मान वर करून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पाहिली. मागे वळून, घसा फाटेस्तोवर, "माणूस पडलंय!" अशी हाक दिली. कडेवरच्या पेटीतून सिलिंडर काढलं, पाठीवर घेतलं. एक पट्टा. दुसरा पट्टा. बकल सापडेना. दोनदा सुटलं. मास्क चढवला, तळव्याने नळी दाबली, सोडली. आणि मग ते थांबले. जोडीदार म्हणून वकील होता, आणि तो लांबून, गुडघा धरत, लंगडत येत होता. बाबांनी तयारी पुरी केली होती, आता फक्त थांबायचं होतं. ते कडेवर माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि मुठी मिटत होत्या, उघडत होत्या.

मी आयुष्यात त्यांना असं उभं पाहिलं नव्हतं. त्यांनी पास व्हावं म्हणून मी आठवडेच्या आठवडे जीव टाकला होता, आणि ते अगदी मी शिकवलं तसं करत होते. तरीही त्या उन्हात पडल्या पडल्या मला वाटलं, या ना. बाबा, या ना खाली. मी लहान असताना यायचात तसे या. मला माझी लाज वाटली, पण वाटलं ते वाटलंच.

वकील पोचला. त्याने मास्क चढवला, दोघांनी एकमेकांच्या पट्ट्यांवर हात फिरवून बघितलं, आणि मग ते उतरले. चालत. एकेक पाऊल टाकत. जवळ आल्यावर मला मास्कमधून बाबांचा श्वास ऐकू आला, खर्र, खर्र. त्यांनी माझ्या काखेत हात घातले. वर न्यायला वेळ लागला, मी काही आता कडेवर घेण्याजोगी राहिले नव्हते.

"उत्तीर्ण," परीक्षक म्हणाला आणि शिंकला.

सगळ्यांनी गलका केला. वकील मोठ्याने सांगत सुटला की जोडीदाराशिवाय कोणी उतरू शकत नाही, तेव्हा निम्मे गुण त्याचे. कोणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी मास्क काढला. त्याच्या कडेचा लाल वळ त्यांच्या कपाळावरून गालांपर्यंत उमटला होता, आणि डोळे पाण्याने भरले होते. घाम असेल असं लोकांना वाटलं. ते गलक्यातून बाहेर पडले. कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले.

मी पाण्याचा पेला घेऊन गेले. पेला त्यांच्या हातात दिला.

"बाबा, पास झालात," मी म्हटलं. "आता व्हॉल्व्ह उघडायला तुम्हीच."

"हो," ते म्हणाले. पाणी प्यायले. मनगटाने तोंड पुसलं. माझ्या केसांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या, त्या त्यांनी एकेक करून काढल्या, अगदी सावकाश, सगळ्या निघेपर्यंत.

"ठमे."

"काय?"

"आईला पास झालो एवढंच सांग," बाबा म्हणाले. "खाली कोण होतं, ते नको सांगूस."